उभ्या माणसाचं रडणं

अळनावरकडच्या आमच्या गावांत माणूस मेलं की बायका गाऊन रडतात. शहरातली माणसं ऐकून हसतात. हसू देत. या रडण्यात हिराबाईच्या तोडीची बाई आसपास नव्हती. गळा म्हणाल तर चिरलेल्या घागरीचा. वर चढायला गेली की आवाज फाटायचा, मधेच खोकायची. पण मयताच्या उशाला बसून तिनं पहिली हाक घातली, की बांधावरनं भांडून बोलणं टाकलेले भाऊही भिंतीकडं तोंड करायचे.

ती हाक म्हणजे मेलेल्याचं नाव. "कृष्णाप्पा, भात पोटरीला आलं रं, कुणाच्या हवाली केलंस?" असं नावानं गाठून विचारायचं, मग त्याचं सगळं जगणं गाण्यात उलगडायचं. नाव घ्यायचं ते मढं समोर असतानाच. पोरींना चाल शिकवताना हिराबाई नावाच्या जागी नुसतं 'हूं' करायची. कुणी का म्हणून विचारलंच तर म्हणायची, "हाक मारली की कुणीतरी ओ देतंय. रिकामी कशाला मारू?"

तिचा एकुलता लेक आकाश हुबळीत एका व्यापाऱ्याचा टेंपो चालवायचा. बायको रेखा हिच्यासंगं रायापूरला भाड्यानं राहायचा. रेखाचा गळा सुरेल, त्यात धारवाडला दत्तात्रय मास्तरांच्या क्लासला जायची. गावी आली की सासूच्या तोंडून रडण्याच्या चाली उतरून घ्यायची आणि पेटीवर वाजवून दाखवायची. हिराबाई हसायची. "एवढं सगळं मी करते व्हय गं? मला तर नुसतं रडू येतंय."

दोन हजार तीन साली हुबळीत लॅमिंग्टन रोडवरच्या एका हॉलात लोकगीतांची स्पर्धा होती. रेखानं तिथं हेच गायचं ठरवलं. मास्तरांनी डोळे मिटून ऐकलं.

"सूर कुठं हलला नाही," ते म्हणाले. "पण रेखाताई, मेलंय कोण?"

"कोणी नाही, सर. तिथं हूं म्हणायचं असतं."

"मग ऐकणाऱ्यानं रडायचं कुणासाठी? नाव घाला की कुणाचं तरी."

तिनं वसंत घातलं, मारुती घातलं. मास्तर नाही म्हणून मान हलवत राहिले.

स्पर्धेला आकाश आईलाही घेऊन आला. हिराबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. रेखा उभी राहिली, पेटीचा सूर लागला आणि तिनं हाक घातली. "आकाशा."

हॉल गार झाला. चाल तीच, जागा त्याच, पण आत कुणीतरी शिरल्यागत झालं होतं. तुझा डबा कुणाला बांधू, टेंपोचा आवाज आला की दारात कशी जाऊ. वर चढताना तिचा गळा सासूसारखाच फाटला आणि तिनं तो सावरला नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढला. आकाश शेजाऱ्याला म्हणाला, "तो मीच बरं का." शेजारी हसला नाही. जरा सरकून बसला.

हिराबाई उठून, मधेच कानडीत शिरत, स्टेजकडं निघाली होती. "साकु गं पोरी, साकु. पुरे कर." लोकांना वाटलं, म्हातारीला गहिवरून आलं.

पहिला नंबर आला. तिघं टेंपोतनं घरी निघाली.

"अव्वा, गाणं हाय ते," आकाश म्हणाला.

"गाणंच हाय. म्हणून तर."

रेखा खाली बघत म्हणाली, "आत्ती, दुसऱ्या नावानं आतनं येतच नव्हतं."

"येईल कसं? माझं येतंय ते समोर निजलेल्याचं. तू उभ्या माणसाचं काढून घेतलंस."

मग झालं काय? काहीच नाही. आकाश माल भरून घाट उतरत होता, चढत होता, जेवत होता. हिराबाईच तेवढी रायापूरला मुक्काम ठोकून बसली. तो दुपारी जरा आडवा झाला की त्याच्या नाकापाशी हात धरायची. तो वैतागला. "मी मरायच्या आधी तूच मारशील मला," म्हणाला आणि तिला गावी सोडून आला.

शिमग्याच्या सुमारास शेजारची मथुरा गेली. आकाशही रेखाला घेऊन आला, बाहेर गडीमाणसांत तिरडी बांधायला लागला. आत हिराबाई मथुरेच्या उशाला बसली. बायका वाट बघत होत्या. तिनं डोळे मिटले, हाक घातली. "आकाशा."

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. हिराबाईनं पदर तोंडात कोंबला, काढला, मथुरेच्या गालाला हात लावला आणि पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा तेच नाव आलं. आणि या खेपेला गळा फाटला नाही. जन्मात कधी लागला नव्हता असा सूर लागला, वरपर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. रेखा कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला त्यात कुठं खोट सापडेना.

बाहेर आकाशच्या हातात बांबू होता. त्यानं तो हळू खाली ठेवला, हात झटकले आणि टेंपोकडं चालू लागला. माणसं बघत राहिली. त्याला थांबवायला पाहिजे हे सगळ्यांना कळत होतं. पण थांबवायचं तर हाक मारायला लागती, आणि ते नाव त्या घडीला कुणाच्या तोंडून निघेना.