भिंतीवरचं कुलूप

चौदाव्या वर्षी मला वाटायचं, रेवदंड्यापासून थेट किहीमपर्यंत माझ्यासारखी चित्रं कुणी काढत नाही. लग्नघरच्या भिंती चुन्या-गेरूनं मीच रंगवायची. बायका कौतुक करायच्या ते काम फुकटात व्हायचं म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

त्या साली आमच्या कोळीवाड्यात एक मुकादम यायला लागला. लांब उत्तरेच्या किनाऱ्यावर कोळंबी सोलायची वखार आहे, पोरींना सुखाचं काम आहे, असं सांगायचा. माझी मावशी त्याच वखारीतून पळून आली होती, बोटांची सालटी गेलेली. तिथं कोंडून ठेवतात, हे तिनं घरोघरी सांगितलं. कुणाला पटेना, उलट तिलाच कामचुकार म्हणाले. आणि माझी जिवाभावाची मैत्रीण मुकादमाबरोबर जायला निघालेली.

वाचता आमच्यात कुणालाच येत नव्हतं. म्हणून विहिरीच्या वाटेवरच्या आमच्या भिंतीवर मी मुकादम काढला. शिंगं, सुळे, लालभडक जीभ. बायका पोट धरून हसल्या. खुद्द मुकादम येऊन थांबला आणि राक्षस झकास जमलाय म्हणाला. मी बावळट लाजले, वर त्याला गूळपाणी दिलं.

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगो, त्याला शिंगं असती तर मी गेली असती का? बांगड्या घेऊन आलेला तो. तसाच काढ. आणि दार काढ."

भिंत पुन्हा पांढरी केली. या वेळी मावशी सांगत गेली, मी काढत गेले. हसरा माणूस, हातात बांगड्या. होडीत बसलेल्या खुशीतल्या पोरी. मग वखार, खिडकीच्या गजांतून बाहेर आलेले हात, आणि दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीण गाठोडं घेऊन निघाली. पुढे मुकादम, मागे तिची आय. भिंतीपाशी ती थांबली, आणि कुलपावर बोट ठेवून तिनं त्याला विचारलं, "कुलूप बाहेरनं कशाला?"

"चोरांची भीती असते गो," तो म्हणाला. "तुमच्याच भल्यासाठी लावतो."

चित्र खोटं आहे, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. तिच्या आयनं पोरीच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं, काखोटीला मारलं आणि आय घराकडे वळली. मुकादम तिला समजावत मागोमाग गेला. तिनं वळून पाहिलं नाही.

मी तिथंच उभी, शाबासकीची वाट बघत. मैत्रिणीनं भिंत परत एकदा नीट पाहिली, डोळे पुसले आणि म्हणाली, "होडी मात्र चपलेसारखी काढलीस."