तीन पानांवरची सही

ती तीन पानांची तक्रार निवृत्तीनंतरही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मेहकरकडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सत्तरीचे एक निवृत्त मास्तर पुतण्याचा हात धरून आले आणि म्हणाले, "साहेब, सून मले चायातून जहर देऊन राह्यली." मुलगा वारलेला, घरात ते आणि विधवा सून, दोघंच.

सुनेला चौकशीला बोलावलं. दिवसभर बाकावर बसवून एकच प्रश्न दहादा विचारला. तिचं उत्तर ठरलेलं. "मी काई नाही देल्लं साहेब. मामाजीच्या हाताले झटके येते, तोंड वाकडं होते. डॉक्टर म्हनते, वयाचं हाय." मला वाटलं, बाई विषय टाळतेय. आमची जीप दोनदा तिच्या दारात उभी राहिली. गावाला तेवढं पुरलं. चहाच्या नमुन्यात काहीच निघालं नाही, पण तोवर ती माहेरी, जळगाव जामोदला, निघून गेली होती.

मग मास्तरांचा पुरवणी जबाब घ्यायला बसलो. सकाळी सांगितलेलं त्यांना दुपारी आठवेना. जबाब फिरवणारा माणूस खोटारडा, हे आम्हा पोलिसांचं पक्कं गणित. मी आवाज चढवला. सही करताना त्यांचं पेन एकदम कागदाबाहेर गेलं. उजवा हात आखडला, तोंड उजवीकडे ओढलं गेलं आणि दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ववत. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी जुनी तक्रार काढली. तिन्ही पानांवर सही तशीच ओढलेली होती. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, म्हातारा घाबरलाय.

पोलीस यादी, म्हणजे ठाण्याचं पत्र, देऊन त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. यादीत सुनेचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मेंदूच्या डॉक्टरांनी ते वाचून रक्त आणि पाठीतलं पाणी तपासलं. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली होती. संशय, विसर, झटके, सगळं त्यातलंच. उतारवयात लोक याला म्हातारपण समजतात, आधी आणायला हवं होतं, असं ते म्हणाले. आधीच तर सुनेनं सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं, ऐकलं मात्र नाही.

उपचारांनी झटके आणि संशय गेला, पण ते महिने मास्तरांच्या डोक्यातून कायमचे पुसले गेले. मी माफी मागायला जळगाव जामोदला गेलो. सून दारातच म्हणाली, "मामाजी बरे झाले ना? मंग झालं. पन त्या गावात मी आता पाय नाही ठेवत."

परतताना मास्तरांकडे थांबलो. त्यांनी स्वतः केलेला चहा पुढे ठेवला आणि विचारलं, "साहेब, माही सून काऊन गेली हो? कोनी काई म्हटलं काय तिले?"

मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.