आक्काचं स्वप्न माझ्या झोपेत

करणी, भानामती, अंगात येणं... यातलं मी कधी काही मानलं नाही. अजूनही मानते असं नाही. शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमचं घर ईटला, भूम तालुक्यात. पुढं सोपा, मागं परसात आड, त्याला कठडा नाही. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात दुपारी शेतावरून आलं की मी आणि थोरल्या जाऊबाई, म्हणजे आक्का, सोप्यात एकाच घोंगडीवर पडायचो.

दोघींच्या झोपा वेगळ्या. मी झोपेत उठून चालायचे. कधी चूल सारवायचे, कधी रिकामी घागर घेऊन अंगणात उभी. पण स्वप्न म्हणाल तर काहीच नाही... उठल्यावर पायाला माती दिसायची, तेवढंच. आक्का जागची उठायची नाही, पण लाथा झाडायची, आणि जागी झाली की सगळं सांगायची — मोडक्या शिंगाची म्हैस मागं लागली, कुत्रं अंगावर आलं.

"धाकली झोपंतच कामाची हाय," ती हसायची. "जागी झाली की घागर जड हुती तिला."

मला पाचवा महिना होता तेव्हा तिची लाथ पोटावर बसली. मूल गेलं.

"म्हस आली गं अंगावर," आक्का म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "निजलेल्या माणसाचा काय गुन्हा? तू सरकून निजायचं हुतंस."

 माझ्या मनातून ते गेलं नाही.

आमच्याकडं झोपलेल्याच्या तोंडाला काही फासत नाहीत. जीव हिंडायला बाहेर गेलेला असतो, परत आल्यावर तोंड ओळखू आलं नाही तर माघारी फिरतो म्हणतात. मी हे मानत नव्हते. तरी एका दुपारी तव्याची काजळी तेलात कालवली आणि झोपलेल्या आक्काला मिशा काढल्या. तिनं परत येऊ नये असं वाटत होतं... खरं ते लिहिते.

तिचे पाय झाडायचे थांबले. श्वास इतका हळू की छाती हलेना. मी घाबरले, पदरानं तोंड पुसून काढलं. बऱ्याच वेळानं ती उठली.

"दारापतुर आले," म्हणाली, "तर माझ्या जाग्यावर मिशावाला गडी निजलेला. मागं फिरले. म्होरलं काय ध्यानात न्हाय."

मिशांचं मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं चालणं बंद झालं. आक्का चालू लागली, आणि तिला स्वप्न म्हणून पडेना. म्हैस मला दिसू लागली. तिचीच, एक शिंग मोडलेली. मी लाथा झाडत उठायचे.

"एकीचं दुसरीला लागलं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात वेगळंच दिसलं. हाच सोपा, दुपार. माझ्या पायांत आक्काचे तोडे. समोर मीच निजलेली, पोटावर हात ठेवून. म्हैस कुठंच नव्हती. मी आधी दाराकडं बघितलं, कुणी येत नाही ना. मग सासूबाईंच्या खोलीकडं. मग पाय उचलला.

काल दुपारी आक्का झोपेतच उठली, डोळे उघडे, आणि परसात चालत गेली. मी मागच्या दारात उभी राहिले. आड चार पावलांवर होता, मग दोन. तिच्या पायाचा अंगठा काठाबाहेर गेला तेव्हा मी हाक मारली. ती थांबली, खाली बघितलं, आणि तिथंच बसून रडायला लागली.

"तू हुतीस म्हणून वाचले बाई," म्हणाली.

तिची झोप माझ्याकडं आणि माझी तिच्याकडं कशी गेली, मला सांगता येत नाही. भूमच्या डॉक्टरांना विचारलं, ते हसले. मी पाहिलं ते घडलेलं होतं की नुसतं स्वप्न, हे कुणाला विचारणार...

आज जेवणं झाल्यावर आक्का मागच्या दाराला कडी घालत होती. मी म्हटलं, "राहू द्या आक्का, उघडं असलं की वारा येतो."