पेरणाऱ्याची पेज

“बियाण्याच्या गोणीवर विषाची कवटी स्पष्ट छापलेली असताना एका अडाणी स्त्रीने ते कांडून नवऱ्याला खाऊ घातले.”

आमच्या गावच्या स्मरणिकेत एका निवृत्त शिक्षकांनी हे वाक्य लिहिले आहे. नाव दिलेले नाही. पळसदरीपासून कर्जतपर्यंत कोणाला त्याची गरजही नाही. ती स्त्री माझी थोरली वहिनी आणि तो नवरा माझा भाऊ. वहिनी उत्तर द्यायला आज नाही. मी आहे.

राबात, म्हणजे पालापाचोळा जाळून भाजलेल्या जागेत, रोपांसाठी भात पेरले की उरलेले बी घरात ठेवायचे नाही, ही आमच्या घरची रीत. ते कांडायचे आणि लावणी संपेपर्यंत त्याची पेज फक्त पेरणाऱ्याला द्यायची. इतरांनी तिला तोंड लावायचे नाही. पेरणारा भाऊ होता.

साठचे दशक सरताना बुटक्या भाताचे नवे बियाणे कर्जतच्या सरकारी केंद्रावर वाटपाला आले. दाण्यांवर गुलाबी भुकटी होती. हा रंग कसला, असे मी रांगेतून विचारले.

“नवी नवरी हाय, कुंकू लावून पाठवलीय,” कारकून म्हणाला. “नीट नांदवा म्हंजे झालं.”

रांग हसली. मीही हसलो.

पेरणी झाल्यावर वहिनीने उरलेल्या दाण्यांची ओंजळ उजेडात धरली. “भावोजी, ह्यो रंग खायाचा नाय वाटत.”

“धुवा, जाईल,” मी म्हणालो.

तिने तीन पाण्यांत धुतले. रंग गेला.

लावणी संपण्याआधी भावाच्या ओठांना मुंग्या येऊ लागल्या. मग बैलाच्या दाव्याची गाठ त्याला सोडवेना. नजरेचा घेर आखडला, बोलणे जड झाले. भाद्रपदात तो गेला, तेव्हा नवे भात पोटरीत, लोंबी बाहेर पडण्याच्या बेतात होते. गावात इतके जोमदार भात पूर्वी कोणी पाहिले नव्हते.

चौकशीचे साहेब जीपमधून गोणी घेऊन आले आणि त्यांनी ती चावडीपुढे पसरली. लाल कवटी, खाली इंग्रजी मजकूर. बुरशीचे विषारी औषध लावलेले बी छापील गोणीतूनच द्यावे, हा नियम त्यांनी वाचून दाखवला. नियम आहे म्हणजे तसेच दिले असणार, असे त्यांनी धरले.

“हे दिसलं नाही का, बाई?”

“नाय,” वहिनी म्हणाली. खरे तेच ती बोलली. लोकांनी त्याला अडाणीपणा म्हटले. मी पुढे आलो नाही. पाणवठ्यावर बाया तिला ऐकवत, “दादल्याला वाढलीन, आपण नाय गं चाखली!” घरची रीत काय होती, हे तिने कोणाला सांगितले नाही. पेज मात्र पुन्हा कधी शिजवली नाही.

शिक्षक लिहितात, गोणी आपण डोळ्यांनी पाहिली. पाहिली असेल. त्या दिवशी साऱ्या गावाने पाहिली, आणि मीही प्रथमच पाहिली. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा होतो आणि बियाणे आणायला गेलो होतो तोही मीच. रिकाम्या गोण्या परत धाडायच्या म्हणून कारकुनाने त्या केंद्रातच ठेवून घेतल्या आणि पायलीने मापलेले बी सुटे माझ्या उपरण्यात ओतले.