पंचवीस की पन्नास?

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच ते घरपोच आणून देतं! आमच्याकडे माझा भागीदार संदीप यानं एक सांगायला घेतला की मला लगेच दुसरा आठवतो. आणि माझी बायको वैशाली उठून आत जाते, कारण हे सगळं एडिट तिला करावं लागतं. आमचे किस्से म्हणजे तिची हमाली.

झालं असं, की मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र संदीप, आम्ही नाशकात भागीदारीत ड्रोन घेतला. उडवायला पटकन शिकलो. सेटिंग मात्र खरं सांगायचं तर अजून डोक्यात शिरलेली नाही. चोवीस, पंचवीस, तीस, पन्नास, साठ, एकशे वीस! एका सेकंदात तेवढी चित्रं, एवढं कळतं. पण कधी कितीवर लावायचं?

•

पहिलं लग्न मखमलाबादकडच्या फुलशेतीवाल्यांचं. संदीप म्हणाला, "जास्त आकडा म्हणजे जास्त भारी. पंखा आपण पाचवरच लावतो ना?"

मला पटलं. लावलं एकशे वीसवर!

डीजेसमोर पोरं घामाघूम होईस्तोवर नाचली. नवरदेवाच्या वडिलांना धीर नव्हता, त्यांनी वरातीचा व्हिडिओ एडिट न करताच पेनड्राइव्हवर नेला. एकशे वीसवर ड्रोन सगळं आपोआप स्लो करून ठेवतो, त्यामुळे दहा मिनिटांची वरात चाळीस मिनिटं चालली होती. पोरांचे पाय वर जायचे ते खाली यायचं नावच घेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काका पेनड्राइव्ह घेऊन दारात. "अहो, आम्ही वरात काढली होती. तुम्ही मयत दिलीत!"

•

दुसऱ्या वेळी आकडा जपून लावला, तर रंगात फसलो. संदीपनं मोबाईलवर कुठंतरी ऐकलं होतं की मोठे लोक मुद्दाम फिकट रंगात शूट करतात आणि नंतर कॉम्प्युटरवर रंग चढवतात. त्यानं फिकट लावलं, मी मान डोलावली. नंतर रंग चढवायचा असतो, हे वैशालीला सांगायचं कुणी? मला वाटलं त्यानं सांगितलं, त्याला वाटलं मी.

नवरीची आत्या पेनड्राइव्ह घेऊन आली. रागावलेली नव्हती, खरोखर गोंधळली होती बिचारी. "आम्ही दोन किलो हळद कालवली होती हो. गेली कुठं?"

•

मग मी ठरवलं, क्वालिटीत तडजोड नाही. देवळाली कॅम्पातल्या एका रिटायर्ड सुभेदारांच्या मुलीचं लग्न होतं. कॅम्प लष्कराचा, तिथं ड्रोन उडवायची सोयच नाही, पण लग्न गंगापूर रोडच्या लॉन्सवर. जे जे सर्वात वरचं होतं ते ते लावलं. फाइल एवढी जड झाली की सुभेदारांच्या टीव्हीला ती ओढवेना. नवरा-नवरी हार घेऊन समोरासमोर उभे, आणि तिथंच चित्र अडकलं. पाहुणे चहा पिऊन गेले तरी हार हातातच!

सुभेदार पेनड्राइव्ह टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्षं फौजेत होतो. एवढा वेळ सावधान मीपण उभा राहिलो नाही."

ते गेल्यावर वैशालीनं दार लावलं. "आता आणखी एक पेनड्राइव्ह परत आला, तर ड्रोन विकायचा. संदीपभाऊजी, तुम्हीपण ऐका!"

ती बोलते ते करते. त्या ड्रोनवर माझा फार जीव आहे.

•

त्यानंतरचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ड्रोनचं चित्र थेट मोठ्या स्क्रीनवर चाललेलं. स्टेजचे एलईडी लागले आणि स्क्रीनवर काळे पट्टे पळायला लागले. आम्ही तीसवर होतो. संदीप साठवर गेला, पट्टे तसेच. चोवीसवर आला, तरी तसेच. आता इथंच ड्रोन जाणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात कन्यादान सांगत बसलेले त्र्यंबकचे गुरुजी मंत्र थांबवून ओरडले, "अहो ड्रोनवाले! पंचवीसवर घ्या, शटर पन्नास!" आणि त्याच सुरात पुढं, "हं, यजमान, पाणी सोडा."

घेतलं. पट्टे गेले!

नंतर कळलं, गुरुजी परदेशातल्या यजमानांच्या पूजा कॅमेऱ्यावर करतात. आपल्याकडची वीज पन्नासच्या ठेक्यात चालते, कॅमेरा त्या ठेक्यात बसवला की दिव्यांचे पट्टे दिसत नाहीत, हे त्यांना पाठच. वैशालीनं त्यांना फोन करून सगळं विचारून घेतलं आणि ड्रोनच्या बॅगेवर चिठ्ठी चिकटवली: 'नेहमीसाठी पंचवीस. स्लो करायचं असेल तर पन्नास.' संदीपनं ती तीनदा वाचली आणि विचारलं, "पण स्लो करायचं आहे, हे आधी कसं कळणार?"



•

मग कळवणचं लग्न. वधूपिता केदाअण्णा. त्यांनी आधीच बजावलं होतं, "मानपानातला एक माणूस सुटाया नको. आन ते स्लो-बिलो काय नको. जसं झालं तसं दिसू द्या."

त्यांच्याकडे मानाच्या पाहुण्याचं नाव माईकवर पुकारतात, तो येतो, टॉवेल-टोपी घेतो. सगळे आले. एकच नाव तीनदा पुकारलं, अण्णांच्या धाकट्या भावाचं. तो आला नाही. त्याची टॉवेल-टोपी स्टेजवर तशीच राहिली.

व्हिडिओ दिला आणि चौथ्या दिवशी अण्णा दारात! हातात पेनड्राइव्ह. वैशालीनं माझ्याकडे बघितलं. संदीप पुटपुटला, "गेला ड्रोन."

"मंगलाष्टकं लावा," अण्णा म्हणाले.

लावली. वरून मांडव, गर्दी, आणि पार कडेला रस्त्यावर उभा ट्रॅक्टर.

"थांबवा. ट्रॅक्टरच्या मागं. मोठं करा."

मोठं केलं. ट्रॅक्टरच्या आडोशाला मोटारसायकलवर एक माणूस. मांडवाकडे बघतो, खिशात हात घालतो, अक्षता काढून मांडवाच्या दिशेनं टाकतो. त्या ट्रॅक्टरवरच पडतात. मग किक मारून निघून जातो. सगळं मिळून आठ-दहा सेकंद.

"धाकला हाये माझा," अण्णा म्हणाले.

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मग चौथ्यांदा. मला तर स्क्रीनकडे बघावं की अण्णांकडे, तेच कळेना.

"हे स्लो करता येतं का?"

मी संदीपकडे बघितलं, संदीपनं माझ्याकडे. कितीवर होतं, कुणाला आठवतंय! वैशालीनं फाइल उघडून बघितली. पन्नास.

"येतं, अण्णा," ती म्हणाली.

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग एवढं स्लो करा, ताई. बाकी लग्न कितीबी पळवा!"