निळ्या काचेची दोन मुळं

आमची आत्या दहावीला गणितात तीनदा आपटली, हे बाबा कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगत. मी गणिताचा मास्तर. मला ते ऐकून संताप यायचा. बाबांचे हात थरथरू लागल्यावर काचेचं दुकान आत्यानं हाती घेतलं, पण बाबा मागे खुर्ची टाकून चुका शोधत बसायचे.

एका सकाळी एक आजोबा आले. त्यांच्या दारातली निळी काच फुटली होती. घर दोन दिवसांच्या वाटेवर, दुपारी परतीची गाडी, आणि माप म्हणून हातात फक्त बाबांच्याच अक्षरातली तीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी: पट्टी २८०, काच ५०००. म्हणजे चारी बाजूंची पट्टी इतके सेंटिमीटर आणि काच इतके चौरस सेंटिमीटर. लांबी-रुंदी बाबांनी जन्मात कधी लिहिली नाही, ती त्यांच्या डोक्यात असे. आता डोक्यातूनही गेली होती.

तशी निळी काच दुकानात एकच उरली होती. ती बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला होता. ही वाया गेली तर उद्यापासून दुकानाला कुलूप, असं बाबांनी बजावलं.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मुळांची बेरीज आणि गुणाकार कळला की समीकरण मांडता येतं, हे मी तिला महिनाभर शिकवत होतो. तिनं टेबलावर खडूनं लिहिलं: बेरीज १४०, गुणाकार ५०००. क्ष वर्ग वजा १४०क्ष अधिक ५००० बरोबर शून्य. मग जोड्या लावू लागली. साठ-ऐंशी, ४८००. पासष्ट-पंचाहत्तर, ४८७५. सत्तर-सत्तर, ४९००. पुढे आकडे उतरूच लागले. तिला काय सापडलंय ते मला दिसलं.

"दादा, अशी काच जगात असूच शकत नाही," ती बाबांकडे वळून म्हणाली.

बाबा उसळले. तीनदा नापास झालेली बाई त्यांचं माप खोटं ठरवत होती! मी घाईघाईनं उत्तर काढून पाहिलं: वर्गमुळाखाली उणे चारशे, म्हणजे अशी लांबी-रुंदीच नाही. आत्याचंच खरं होतं.

आत्या मात्र भांडली नाही. तिनं हळूच विचारलं, "फुटतुटीचं जादा धरायचास ना तू?"

बाबा पुटपुटले, "दर काचेमागे दोनशे."

चार हजार आठशे! आत्यानं काच कापायची हिरकणी उचलली. साठ बाय ऐंशी. काच कर्रकन आखलेल्या रेषेवरच तुटली.

चार दिवसांनी आजोबांचा फोन आला: काच चपखल बसली. बाबांनी दुकानाची वही मागवली. थरथरत्या हातानं, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या काचेची लांबी आणि रुंदी लिहिली. आणि वही आत्याच्या हातात दिली.