मैद्याची खळ

गाव सोडताना आईने दिलेला भाकरीचा तवा मी एस.टी. स्टँडवरच्या बाकाखाली ठेवून आलो. विसरलो नाही, मुद्दाम ठेवला.

मुरबाडच्या पुढे आमचं गाव, आणि निघालो होतो भिवंडीला. अंतर फारसं नाही, पण निरोपाला अख्खी आळी जमली होती. सुशीला, माझी बायको, तान्ह्या करुणाला घेऊन गाडीत जाऊन बसली. आईने बिडाचा काळाकुट्ट तवा गोणपाटात बांधून माझ्या हातात दिला. "शेरात गेलास तरी तवा लागंल रं, दिनू." मी मॅट्रिक पास. सायझिंगच्या, म्हणजे लूमवर चढण्याआधी सुताला जिथे कांजी पाजतात त्या कारखान्याच्या, हापिसात कारकून म्हणून लागलो होतो. अशा माणसाच्या सामानात भाकरीचा तवा काय दिसेल? तांदळाची भाकर गावात, चपाती शहरात, एवढा सोपा हिशोब होता माझ्या प्रगतीचा. तुमच्यातले जे माझ्यासारखे गाडी धरून आले ते यावर हसणार नाहीत. गावात राहिलात त्यांनी खुशाल हसा.

भिवंडीत आम्ही शहरासारखं खाऊ लागलो. सकाळी चहात खारी, दुपारी डब्यात चपाती, पगाराच्या दिवशी बिस्किटाचा पुडा. आई भेटायला आली की मी पुडा मुद्दाम फळीवर पुढे काढून ठेवायचो. करुणा हे सगळं आवडीने खायची आणि वाळत जायची. पोट मडक्यासारखं, हातपाय काड्या, दिवसातून कितीदा तरी बाहेर पळायची. डॉक्टरांनी जंताची औषधं दिली, पाणी उकळून प्या म्हणाले. मी तिला ताकद यावी म्हणून दोन बिस्किटं जास्त द्यायचो.

शेवटी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "गहू बंद. आयुष्यभर. रवा, मैदा, पाव, बिस्किट, शेवया, सगळं. याला औषध नाही, एवढंच पथ्य." मी विचारलं, "साहेब, आठवड्यातून एकदा चालेल ना?" त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

म्हणजे शहरात येऊन जे काय कमावलं होतं तेच नेमकं बंद झालं. सुशीला पुन्हा भाकरी थापायला लागली, पण चपातीच्या पातळ तव्यावर त्या करपायच्या. "अहो, आईंनी तवा दिला होता ना?" ती विचारायची. गाडीत कुणीतरी ढापला, असं मी सांगायचो. करुणाच्या भातासाठी तिने एक पातेलं वेगळं काढलं आणि ओळखायला त्याच्या कडेला लाल रंगाचा ठिपका दिला. त्यात दुसरं काही शिजवायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद.

घरात जमलं. दाराबाहेर कसं जमणार? शाळेत वाढदिवसाला केक. झेंडावंदनाचा बुंदीचा लाडू सोडला तर बाकी सगळा खाऊ गव्हाचा. भिंतीपलीकडे लूम चालवणारे आझमगढचे अन्सारीचाचा करुणाचा फार लाड करायचे. ईदला शेवयांची वाटी घेऊन स्वतः आले. मी थांबवलं तर दुखावले. "गेहूँ से बीमारी? दिनूभाई, गेहूँ तो सेहत है. बच्ची को भूखा मारोगे क्या?" दुष्टाव्याने कुणी काही देत नव्हतं. प्रेमाने भरवणाऱ्याचा हात धरणं फार अवघड असतं.

बरं, वाचायला जावं तर पेपरातल्या पाककृती रव्या-मैद्याच्या, रेडिओवरच्या ताई सांगणार त्याही रव्या-मैद्याच्या. मला वाटलं, आपणच काढू काहीतरी. म्हणून एक पत्रक काढलं. नाव ठेवलं 'गव्हावाचून'. गहू, शेंगदाणा, दूध, ज्याला जे सोसत नाही त्याच्यासाठी. स्टेन्सिल मी कापायचो, हापिसातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर छापायचो आणि मॅनेजर तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायचे. माझी कल्पना अशी, की सगळ्या वस्तीने हे पत्रक आपलं म्हणावं, वाचावं, त्यात लिहावं आणि करुणाला कुठेतरी चारचौघांत बसून जेवता यावं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उभा राहून बोललो. बरंच बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग वस्तीतले निवृत्त शिक्षक उठले, ज्यांना आम्ही नुसतं गुरुजी म्हणायचो. ते म्हणाले, "दिनकरराव, आपल्या लोकांच्या ताटात आता कुठे चपाती आलीय. आपल्या आज्यांनी गव्हाचं पीठ सणालासुद्धा पाहिलं नाही. आणि तुम्ही सांगता, सोडा?" मी म्हटलं, सगळ्यांनी नाही, फक्त ज्यांना... पण तोवर चहा आला होता. चहाबरोबर खारी. सगळ्यांनी एकेक उचलली. करुणा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मी हरलो नाही, असं त्या वेळी मला वाटायचं. दर महिन्याला पत्रक छापायचो, घरी येऊन मैद्याची घट्ट खळ शिजवायचो आणि नाक्यापासून विहारापर्यंतच्या भिंतींवर चिकटवायचो. दुसऱ्या दिवशी पाहावं तर भिंती मोकळ्या. मला वाटलं, लोक आवडीने काढून घरी नेतात. चांगले दोन-तीन महिने मी याच आनंदात होतो. एकदा ड्युटीवर जाताना पाहिलं, मोहल्ल्यातली एक बकरी भिंतीला पुढचे पाय लावून 'गव्हावाचून' शांतपणे खात होती. खालची खळ गोड लागत असणार. अन्सारीचाचा ओट्यावर दात घासत होते. म्हणाले, "दिनूभाई, आप का अखबार चल निकला."

मग केबलवाल्याला गाठलं. तेव्हा घरोघरी केबल नवीनच आली होती आणि सिनेमाच्या खाली जाहिरातीची पट्टी फिरायची. हातापाया पडून मी एक ओळ टाकून घेतली, ज्यांच्या मुलांना गहू सोसत नाही त्यांनी भेटावे. वर एका बेकरीच्या टोस्टची ओळ, खाली माझी. त्या ओळीवर एकच बाई आली, काल्हेरहून, कडेवर नात. तेच पोट, तेच हातपाय. मला इतका आनंद झाला की लाज वाटावी. मी तिला सगळे जुने अंक दाखवले. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध कोनतं?" औषध नाही, गहू सोडायचा, म्हटल्यावर ती उठली. "सुनेला काय सांगू? म्हनंल, म्हातारी पोरीच्या तोंडचा घास काढते." परत आली नाही. त्या पोरीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही.

आणि करुणा? पथ्य पाळूनही तिचं पोट सुधरेना. पंधरा-वीस दिवस बरी असायची, अंगावर थोडं मांस धरायची, की पुन्हा ढासळायची. डॉक्टर म्हणाले, "ही चोरून खाते." मी तिच्या दप्तराची झडती घेतली. शाळेत जाऊन बाईंना विचारलं. दारात उभं करून "खरं सांग" म्हणून दरडावलं. ती "न्हाय खाल्लं, बाबा" एवढंच म्हणायची. मग तेही म्हणायची थांबली.

सुशीला शेजारच्या कारखान्यात लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जायची. एकदा लाइट गेली, लूम बंद पडले, ती लवकर घरी आली. मी स्टोव्हपुढे बसून खळ ढवळत होतो. ती दारातच थांबली.

"पातेलं कोनाचं हाय ते?"

मी खाली पाहिलं. कडेला लाल ठिपका होता. घरातली बाकी भांडी खरकटी असायची आणि हेच एक नेहमी स्वच्छ घासलेलं, म्हणून मी दर महिन्याला हेच घ्यायचो. काम झालं की पाण्याने विसळून पालथं घालायचो. रात्री त्यातच भात. कडेला वाळलेली खळ नखाने निघत होती. सुशीलाने ती माझ्यासमोर काढून दाखवली. करुणा दप्तर घेऊन तिथेच उभी होती.

'गव्हावाचून' तिथे संपलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. बकऱ्यांच्या आलं असेल.

आई आली आणि करुणाला घेऊन गेली. "आमच्याकडं गहूच न्हाय, तर बाधंल कुठून?" भिवंडीच्या स्टँडवर मी त्यांना गाडीत बसवलं. करुणाने खिडकीतून हात केला, सुशीलाला की मला ते कळलं नाही, आम्ही दोघं शेजारी उभे होतो. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेली ती तिथेच वाढली, तिथल्या शाळेत शिकली. आम्ही भिवंडीतच राहिलो, कारण पगार भिवंडीत होता. जिच्यासाठी शहर धरलं ती गावात, आणि आम्ही दोघं चपात्या खात शहरात. चपातीची चव मात्र गेली.

घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येतं, जिथे करुणा न विचारता जेवते ते. तिथे माझं काही नाही.

परवा गावी गेलो. अंगणात पोरं दिसली, पिशवीतला पुडा सवयीने फोडला, सगळ्यांना बिस्किटं वाटली आणि तोच हात घेऊन चुलीकडे गेलो. करुणा भाकरी करत होती. चांगली उंच झाली आहे, अंगाने भरली आहे. चुलीवर तो बिडाचा तवा. स्टँडवरच्या चहावाल्याने त्याच दिवशी तो आईला आणून दिला होता म्हणे. आई इतकी वर्षं मला एका शब्दाने बोलली नव्हती. भाकर फुगली होती. मला वाटलं, एक तरी आपण उलटावी, म्हणून हात पुढे केला.

करुणाने उलथन्याने माझा हात बाजूला सारला.

"तिकडं ओट्यावर बसा, बाबा. ताट आनून देते. पाव्हन्यांना आमी तव्याला हात लावू देत न्हाय."